कोल्हापुरात मुका, दर्यावर बोलका: हातातला मरीन व्हीएचएफ सेट कसा वापरावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या चौघा मित्रांनी मालवणच्या एका पाहुण्याबरोबर भागीदारीत फायबरची छोटी होडी घेतली आहे, गळाने मासे धरायला. तिच्यासाठी ६ वॅटचा हातातला मरीन व्हीएचएफ सेट आणला. घरी गच्चीवर चालू केला तर एकाही चॅनेलवर चिटपाखरू बोलत नाही, म्हणजे सेट खराब लागला का? समुद्रात तो किती लांब पोचेल? बोलायचं नेमकं कसं? आणि पावसाळ्यात होडी वर ओढलेली असते, तेव्हा हाच सेट पंचगंगेच्या पुरात बचावाच्या बोटीवर चालेल का?

मी चोवीस वर्षं व्यापारी जहाजांवर डेक अधिकारी होतो. आता मंगळवार पेठेत राहतो, आणि "कोल्हापूरचा माणूस बोटीवर कसा गेला?" हा प्रश्न अजून एकाही लग्नात चुकत नाही. त्यामुळे कोल्हापुरात बसून मरीन सेटबद्दल विचारणारं कोणी भेटलं की उत्तर जरा लांबतं.

पहिलं, सेट बहुधा ठणठणीत आहे. त्याच्यावर एक मॉनिटरचं बटण असतं. काही सेटवर ते स्क्वेल्चच्या बटणातच असतं. ते दाबून धरा. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यासारखा चर्र आवाज आला, की कान शाबूत आहेत समजा. स्क्वेल्च हा दरवाजा आहे. तो बंद असतो तेव्हा हवेतली खरखर बाहेर थांबते आणि पुरेशी जोरकस हाक आली तरच उघडतो. गच्चीवर हाक येणार कुठून? हा पट्टा १५६ ते १६२ मेगाहर्ट्झच्या आसपासचा. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगर ओलांडत नाहीत. तुमच्या गच्चीत आणि अरबी समुद्रात अख्खा सह्याद्री आडवा आहे.

स्क्वेल्च लावायची रीत एकच. तो पूर्ण उघडा, खरखर येऊ द्या, मग खरखर जिथे जेमतेम थांबते तिथेच हात थांबवा. बरेच जण शांतता हवी म्हणून तो टोकापर्यंत आवळतात. मग लांबून येणारी बारीक हाक दाराबाहेरच राहते, आणि नेमकी तीच ऐकायला आपण सेट घेतलेला असतो.

आता परवान्याचं. हे कोणालाच ऐकायला आवडत नाही. दुकानात सेट मिळतो म्हणजे बोलायचा हक्कही पाकिटातून मिळाला, असं नाही. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी नावाची शाखा आहे, होडीवरच्या रेडिओचा परवाना तिच्याकडून घ्यायचा. अर्ज सरल संचार पोर्टलवरून होतो. परवाना हातात येईपर्यंत गच्चीवर बोलायचं बटण, ज्याला आम्ही पीटीटी म्हणतो, ते दाबूसुद्धा नका. सराव करायचाच तर बॅटरी काढून ठेवा आणि चौघे चार खोल्यांत बसून बोला. हसू येईल, पण जहाजावर आम्हीही कोरडा सराव असाच करायचो.

लांबीचा प्रश्न सगळ्यांचा असतो आणि सगळे वॅट मोजतात. मोजायची असते उंची. एक सोपा हिशोब आहे: दोन्ही अँटेनांची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, दोघांची वर्गमुळं काढून बेरीज करा, तिला २.२५ ने गुणा. उत्तर सागरी मैलांत येतं, आणि सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. दोन होड्यांत दोघे जण बसून बोलताहेत, अँटेना पाण्यापासून १ मीटरवर. एक अधिक एक दोन, गुणिले २.२५, म्हणजे साडेचार मैल, सव्वाआठ किलोमीटर. तेच दोघे उभे राहिले आणि सेट २ मीटरवर गेला, तर सुमारे ६.४ मैल, म्हणजे पावणेबारा किलोमीटर. नुसतं बुड उचलल्याने साडेतीन किलोमीटर वाढले! समोर मोठं जहाज असेल, त्याची अँटेना २५ मीटरवर, तर तुम्ही बसून असतानाही साडेतेरा मैल निघतात.

हे कागदावरचं झालं. लाटा, ओलं अंग, निम्मी उतरलेली बॅटरी धरून मी याच्या निम्म्यावरच विसंबतो. होडीतून होडीत दोन-तीन मैल खात्रीचे. १ वॅट आणि ६ वॅटमधला फरक नाही असं नाही, पण क्षितिजाखाली गेलेल्या होडीला वॅट वर काढत नाही. जवळ बोलायला १ वॅटच ठेवा. बॅटरी टिकते आणि शेजारच्यांचे कान वाचतात. ६ वॅट अडचणीसाठी.

हे मी कसा शिकलो ते सांगतो, कारण तुमच्या हातूनही तसंच होणार आहे. थर्ड ऑफिसर होतो, जहाज बंदराबाहेर नांगरावर. लाँचने किनाऱ्यावरून परत येताना जहाजाला हाक मारत होतो. सेट कमरेच्या पट्ट्याला, हातात वायरचा माइक, मी लाँचच्या केबिनमध्ये खाली बसलेलो. चार वेळा हाक मारली, उत्तर नाही. पाचव्या वेळी आवाज चढवला, जणू ओरडल्याने लहर लांब जाते. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, मुंबईचा, पिकल्या केसांचा. त्याने काही न बोलता सेट माझ्या पट्ट्यावरून काढला, डेकवर गेला, तोंडासमोर सरळ उभा धरला आणि साध्या आवाजात जहाजाचं नाव घेतलं. पहिल्याच हाकेला उत्तर आलं. कमरेला लावलेल्या सेटची निम्मी ताकद आपलं अंगच पिऊन टाकतं, आणि त्यात मी लोखंडी केबिनमध्ये बसलो होतो. अँटेना उभीच हवी. समोरच्याचीही उभी असते. आपण आडवी धरली की दोघांचा मेळ बसत नाही. आणि अँटेना काढलेल्या सेटचं बटण कधीही दाबू नका, आतला भाग जळू शकतो.

आता बोलणं. हा मोबाईल नव्हे, हे पहिलं डोक्यात बसवा. मोबाईलवर दोघे एकाच वेळी बोलू शकतात आणि तिसरा ऐकत नाही. इथे एका वेळी एकच तोंड आणि कान मात्र सगळ्यांचे. बटण दाबलं की तुम्ही बहिरे होता. म्हणून आधी ऐकायचं, कोणी बोलत नाही हे पाहायचं, मग बटण दाबून सेकंदभर थांबायचं आणि बोलायला लागायचं. ते सेकंद खाल्लं की पहिला शब्द कापला जातो, आणि पहिला शब्द बहुतेक वेळा होडीचं नाव असतं. तोंडापासून चार बोटं अंतर, वाऱ्याकडे पाठ. झालं की बटण सोडायचं. सोडायचंच.

हे दोनदा लिहिलं कारण अडकलेलं बटण हा समुद्रावरचा सगळ्यात चिवट उपद्रव आहे. एकदा कोकण किनाऱ्याबाहेरून जाताना चॅनेल १६ वर कोणाचा तरी सेट असाच दाबला गेला होता. मांडीखाली असावा, नाहीतर जाळ्याच्या ढिगात. तासभर आम्ही एका अनोळखी होडीचं इंजिन, मधेच भांड्यांचा आवाज आणि बांगड्याच्या भावावरून चाललेला वाद ऐकत होतो. त्या टापूतल्या छोट्या सेटवाल्यांसाठी आणीबाणीचा चॅनेल तेवढा वेळ मेलेला होता. हे सेट एफएम पद्धतीने बोलतात, आणि एफएमचा स्वभाव असा की दोघे एकदम बोलले तर जोरकस असलेला ऐकू येतो आणि दुबळा जवळजवळ नाहीसाच होतो. आपल्या हाकेला उत्तर आलं नाही याचा अर्थ तिकडे कोणी नाही, असा लगेच काढू नये.

चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हाक मारण्यासाठी आणि संकटासाठी. त्यावर गप्पा नाहीत. हाक मारा, उत्तर आलं की दुसऱ्या चॅनेलवर जा. होडी ते होडी बोलायला ७२ किंवा ७७ घ्या. ७० वर तोंडी बोलायचंच नाही, तो यंत्रांनी यंत्रांशी बोलायचा आहे. सेटमध्ये इंटरनॅशनल, यूएसए आणि कॅनडा असे चॅनेलचे संच असतात, आपल्याकडे इंटरनॅशनल ठेवा. त्यातही २२, २५, २६ असे काही चॅनेल डुप्लेक्स आहेत. तिथे सेट एका फ्रिक्वेन्सीवर बोलतो आणि दुसरीवर ऐकतो, कारण ते किनाऱ्यावरच्या केंद्राशी बोलायला ठेवलेत. दोन होड्यांनी २५ वर जाऊन जन्मभर हाका मारल्या तरी एकमेकींना ऐकू येणार नाहीत. नव्या सेटची तक्रार घेऊन आलेल्या दोघांचं दुखणं मी नुसता चॅनेल बदलून बरं केलं आहे. मालवणचे मच्छीमार आपसात कुठल्या चॅनेलवर असतात, ते तुमच्या पाहुण्यांनाच विचारा. ते कुठल्या पुस्तकात छापलेलं नसतं.

आकडे एकेक करून बोला. मराठीत याची गरज इंग्रजीपेक्षा जास्त आहे. खरखरीतून 'बासष्ट' आणि 'बाहत्तर' वेगळे ऐकून दाखवा बरं. 'सदुसष्ट' आणि 'अडुसष्ट'? 'एकोणऐंशी' ऐकून अर्धे जण ऐंशीवर जातील. म्हणून "सात-दोन वर या" म्हणायचं, "एक-सहा वर ऐकतोय" म्हणायचं. आणि ते सिनेमातलं "ओव्हर अँड आउट" तिथेच राहू द्या. 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तू बोल. 'आउट' म्हणजे संपलं, उत्तर नको. दोन्ही एकदम म्हणजे पाहुण्यांना "बसा" म्हणून दार लावून घेणं.

संकटाची हाक पाठ करा, होडीत चिकटवून ठेवा. समजा होडीचं नाव 'जोतिबा'. लाल झाकणाखाली संकटाचं बटण असलेला मोठा सेट असो वा तुमचा साधा, शब्द हेच:

"मेडे, मेडे, मेडे. धिस इज जोतिबा, जोतिबा, जोतिबा. मेडे जोतिबा. पोझिशन थ्री माइल्स वेस्ट ऑफ सिंधुदुर्ग फोर्ट. टेकिंग वॉटर, सिंकिंग. रिक्वायर इमीजिएट असिस्टन्स. फोर पर्सन्स ऑन बोर्ड, ऑल इन लाइफजॅकेट्स. ओव्हर."

नावानंतर लगेच जागा, याला कारण आहे. पुढच्या वाक्याला सेट पाण्यात गेला तरी कुठे शोधायचं ते कोणाला तरी कळलेलं असतं. पाणी कसं शिरलं ही कहाणी नंतर. जागा सांगताना दिशा खुणेपासून तुमच्याकडे मोजायची: किल्ल्याच्या पश्चिमेला तीन मैल. "किल्ला आमच्या पूर्वेला दिसतोय" असं घाबरलेला माणूस सांगतो आणि ऐकणारा घाईत 'पूर्व' एवढंच टिपतो. मोबाईलवर अक्षांश-रेखांश दिसत असतील तर उत्तमच, तेही एकेक आकडा करून. इंग्रजी अडलं तर मेडे तीनदा म्हणून पुढे हिंदीत नाहीतर मराठीत बोला. तटरक्षक दलाला कळतं, शेजारच्या ट्रॉलरला तर नक्कीच. इंग्रजीचा आग्रह अशासाठी की बाहेरून जाणाऱ्या मालवाहू जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, फिलिपिनो किंवा युक्रेनियन अधिकारी उभा असू शकतो, आणि तोही १६ वर ऐकत असतो. होडीचं नाव अक्षरं फोडून सांगायची तयारी ठेवा: ज्युलिएट, ऑस्कर, टँगो, इंडिया, ब्राव्हो, अल्फा.

नुसतं इंजिन बंद पडलंय, होडी कोरडी आहे, वारा किनाऱ्याकडे नेत नाही, अशा वेळी मेडे नाही. तिथे "पॅन-पॅन" तीनदा म्हणायचं. जीव धोक्यात असेल तर मेडे, मदत हवी पण जीव आत्ता जात नाही तर पॅन-पॅन. दुसऱ्या कोणाचं मेडे ऐकू आलं तर पहिलं काम गप्प बसणं, दुसरं काम लिहून घेणं. कोणीच उत्तर देत नसेल तर तुम्ही ते पुढे पोचवा. मोबाईलला रेंज असेल तर १५५४ हा तटरक्षक दलाचा शोध आणि बचावाचा क्रमांक आहे, तोही सोबत लावा.

तुमच्या सेटला लाल बटण असेल तर तो डीएससीचा सेट. ते बटण काही सेकंद दाबून धरलं की चॅनेल ७० वरून आपोआप संकटाची खबर जाते, जीपीएस असेल तर जागेसकट. पण त्यासाठी सेटमध्ये एमएमएसआय, म्हणजे होडीच्या रेडिओची ओळख सांगणारा नऊ आकडी क्रमांक, भरलेला लागतो. भारतातल्या जहाजांचा तो ४१९ ने सुरू होतो आणि परवान्याबरोबरच मिळतो. तो न भरता बटण दाबलं तर बहुतेक सेट नुसतेच किणकिणतात, बाहेर काही जात नाही. मनाने कुठलाही आकडा भरू नका, बऱ्याच सेटमध्ये तो स्वतःच्या हाताने दुसऱ्यांदा बदलता येत नाही.

आता पंचगंगा. हा विचार मनात का येतो ते मला समजतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होडी माडाखाली आणि सेट कपाटात. इकडे राजाराम बंधाऱ्यावरचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं की गावाला झोप नसते, ४३ ही धोक्याची. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी ते त्याच्या फार वर गेलं. चिखली-आंबेवाडीकडून माणसं आणि जनावरं बाहेर काढताना फोन लागत नसलेले दिवस मीही पाहिले आहेत. तरीही उत्तर 'नाही' असंच आहे.

हा पट्टा सागरी वापराचा, परवाना होडीचा आणि समुद्राचा, हा कायद्याचा भाग झाला. त्याहून मोठं कारण असं की तुम्ही १६ वर मेडे म्हणाल आणि ते कोणीही ऐकत नसेल. पोलीस, अग्निशमन, एनडीआरएफ यांच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या. कंट्रोल रूममध्ये मरीन सेट नसतो. हातात रेडिओ आहे या भरवशावर बोट दोन गल्ल्या जास्त आत जाते, आणि तो भरवसा पोकळ असतो. पुरात तुमच्यासाठी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि ११२. मंडळाला स्वतःचे सेट हवेच असतील तर ४४६ मेगाहर्ट्झचे विनापरवाना छोटे सेट मिळतात, लांबी थोडी असते, पण एका गावात बोट ते काठ चालतं. ओला ऊस, झाडं, घरं आडवी आली की तिथेही उंचीचाच खेळ, म्हणून एक माणूस गच्चीवर बसवायचा. कोणाला नेटाने करायचं असेल तर हॅम, म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा द्यावी. तो परवाना माणसाच्या नावावर असतो आणि आपत्तीत हॅमवाल्यांना बोलावतातही.

सेट नाही, पण बोलायची शिस्त मात्र समुद्रावरून जशीच्या तशी उचला. गेल्या काही पावसाळ्यांत पोरांना मी तेवढंच शिकवतो. एक चॅनेल, काठावर एकच माणूस उत्तर देणारा. "काठ, काठ, बोट दोन. मारुतीच्या देवळामागची गल्ली, तिसरं घर. पाच माणसं, त्यात एक बाळंतीण. दोर आणि एक फेरी अजून. ओव्हर." याच्या जागी "अरे भावा लवकर या रे, लई पाणी हाय" हे वाक्य किती वेळा ऐकलंय, मोजलेलं नाही. पाणी लई आहे हे काठावरच्याला दिसत असतंच.

राहिली निगा. सेटवर आयपीएक्स ७ हा पाणी न शिरण्याचा दर्जा लिहिलेला असेल, तर त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात अर्धा तास, आणि तेही चार्जिंगचं रबरी झाकण नीट बसलेलं असताना. त्यात वाळूचा एक कण अडकला की आयपीएक्स संपला. समुद्रावरून आलं की सेट बंद करून गोड्या पाण्याच्या बादलीत बुचकळा, फडक्याने टिपा, संपर्काच्या पितळी टिकल्या कोरड्या करा, नाहीतर त्यांच्यावर हिरवं चढतं आणि सेट रात्रभर चार्जरवर बसून सकाळी रिकामा निघतो. तरंगणारा सेट आहे असं पाकिटावर लिहिलं असेल तर त्याच बादलीत एकदा खरं करून पाहा. जादा बॅटरी चार्ज केलेली, झिपच्या पिशवीत. आणि सेट होडीच्या कप्प्यात ठेवायचा नाही, दोरीने अंगावरच्या लाइफजॅकेटला बांधायचा. होडी उलटते तेव्हा कप्पा तिच्याबरोबर जातो.

परवाना हाती आला की मालवणला जाताना गगनबावड्याला घाटाच्या कडेला गाडी थांबवा. तिथून कोकणाकडे उघडं आहे, उंची ६००-७०० मीटरची, वरचा हिशोब लावून पाहा. चॅनेल १६, स्क्वेल्च जेमतेम, अँटेना उभी, बटणावरचं बोट बाजूला. मी थांबलो होतो त्या दिवशी दहा मिनिटांत एका जहाजाने दुसऱ्याला हाक मारली, आणि शेजारचा कणसंवाला चुलीवरून उठून बघायला आला की आवाज कुठून येतोय.